तांबे, लोखंड आणि मधला कागद

दोन वेगळे धातू घट्ट जोडायचे, तर खिळा किंवा रिवेट ठोकला की काम संपले, असे वाटते. ही समजूत किती महाग पडते, हे ब्रिटिश नौदलाला १७६३ साली कळले. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला दोन वर्षांपूर्वी तांब्याचे पत्रे मारले होते. वेस्ट इंडिजहून ती परतली, तेव्हा पत्रे जागोजागी सुटलेले होते. ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे सडले होते. काही खिळे मात्र बरेच शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले, त्याचे तुकडे या खिळ्यांच्या माथ्याखाली चुकून राहून गेले होते.

खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना टेकले की विजेचा घट तयार होतो आणि झीज लोखंडाची होते. व्होल्टाने आपला घट १८०० साली जगापुढे मांडला. कागदाने धडा त्याआधीच दिला होता.

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात (१८८६) हा धडा जाणून वापरला गेला. सुमारे २.४ मिलिमीटर जाडीचे तांबे बाहेर, लोखंडी पट्ट्या आत. पत्र्याला रिवेटने बसवलेल्या तांब्याच्या पकडींनी या पट्ट्या धरलेल्या होत्या. मध्ये लाखेच्या शेलॅकमध्ये भिजवलेले ॲस्बेस्टॉसचे कापड होते. कालांतराने हा थर विरला आणि उलट ओलावा धरून ठेवू लागला. लोखंड गंजून फुगले, रिवेट पत्र्यातून उपटले गेले. १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या झाल्या आणि मधला थर टेफ्लॉनचा.

इथवर मधल्या थराचे काम फक्त दोघांना दूर ठेवण्याचे होते. भार खिळ्या-रिवेटवरच होता. इपॉक्सीसारख्या चिकटद्रव्यांनी ही वाटणी बदलली. २००३ च्या बीएमडब्ल्यू फाइव्ह सीरिजमध्ये ॲल्युमिनियमचा पुढचा भाग पोलादी सांगाड्याला चिकटद्रव्य आणि रिवेट, दोन्हींनी जोडला. चिकटद्रव्य भार सबंध पृष्ठभागावर पसरवते, पाणी अडवते आणि धातूंना अलग ठेवते. ते वाळेपर्यंत पत्रे जागेवर धरणे आणि कडेने सोलले जाण्यापासून सांधा वाचवणे, हे काम रिवेटचे.

तरीही जुना प्रश्न उरतोच. रिवेट बाहेरून दिसतो, थर दिसत नाही. आणि सांध्याचे आयुष्य ठरते ते या न दिसणाऱ्या थरावर. जोडलेल्या दोघांना टिकवते, ते त्यांच्यात राखलेले अंतरच.