काडतूस पुनर्भरण

काडतूस पुनर्भरण म्हणजे एकदा झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवी टोपी, दारू व गोळी बसवून ते पुन्हा वापरायोग्य करण्याची प्रक्रिया होय. काडतुसाच्या चार घटकांपैकी पितळी पुंगळी तेवढी बार उडाल्यावर शाबूत राहते. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरत्या पुनर्भरणास संघराज्याचा निर्मिती परवाना लागत नाही. भारतात मात्र हेच काम परवान्याशिवाय केल्यास गुन्हा ठरते.

प्रक्रिया

प्रथम पुंगळ्या स्वच्छ करून भेगा पडलेल्या बाद केल्या जातात. नंतर वापरलेली टोपी काढतात. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीला तळाशी मध्यभागी एकच छिद्र असल्याने हे सोपे जाते. बर्डन पद्धतीत सहसा दोन लहान छिद्रे असल्याने ते अवघड असते. बाराच्या दाबाने पितळ फुगते, म्हणून पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणतात व वाढलेली लांबी कापतात. त्यानंतर नवी टोपी, तोलून घेतलेली दारू व शेवटी गोळी बसवून एकूण लांबी तपासली जाते.

धोके

दारू चुकून दुप्पट भरली गेल्यास बंदूक फुटू शकते. दारू फार कमी पडल्यास गोळी नळीतच अडकते व पुढचा बार घातक ठरतो. टोपीतील स्फोटक आघाताने पेटते, तर दारू ठिणगीनेही पेट घेते.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार ‘दारूगोळा’ या संज्ञेत त्याचे भाग व तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ नुसार निर्मितीस परवाना आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान ७ वर्षे ते जन्मठेपेपर्यंत कारावासाची तरतूद आहे. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात काडतुसे बनवण्याची मुभा अंतर्भूत नसते.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात खडकी (स्थापना १८६९) व जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे दारूगोळ्याचे सरकारी कारखाने आहेत. २०२१ पासून ते म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहेत.

ग्रामीण भागात हा विषय पीक संरक्षणाशी जोडलेला आहे. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. या बंदुकीत दारू व छर्रे प्रत्येक बारापूर्वी नळीच्या तोंडातून ठासले जातात. पुंगळी नसल्याने पुनर्भरणाचा प्रश्नच येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. त्यामुळे रानडुकरांचा उपद्रव सोसणाऱ्या येथील वनालगतच्या शेतकऱ्यांना शस्त्र अधिनियमाबरोबरच या तरतुदीचेही पालन करावे लागते.