अंधारात सापडलेलं उन्हाचं गुपित

पान उन्हात अन्न तयार करतं, हे आपण शाळेत शिकलो. मुळांनी ओढलेलं पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड, पानाचा हिरवा रंग, एवढं पाठ असतं. पण ऊन पकडून कामाला लावतं कोण? यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले.

पानाच्या पेशींत बारीक हिरवे दाणे असतात, ती हरितलवकं. त्यांच्या आत चपट्या पिशव्या एकावर एक रचलेल्या, भाकऱ्यांच्या चळतीसारख्या. १९३७ मध्ये केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी दाखवलं की, पानातून वेगळी काढलेली हरितलवकंही उजेडात ऑक्सिजन सोडतात. पुढे १९५४ मध्ये डॅनियल आर्नन यांनी दाखवलं की, ती उजेडात एटीपी नावाचं रसायनही बनवतात. एटीपी म्हणजे पेशीच्या हातातली रोकड म्हणा ना. साखर बनवायलाही ती खर्चावी लागते.

ही रोकड तयार कशी होते? सगळे एखादं मधलं रसायन शोधत होते. ते काही सापडेना. १९६१ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ पीटर मिचेल म्हणाले, खरं काम पिशवीच्या पातळ पडद्याचं आहे. पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन, म्हणजे आम्लाचे कण, कोंडले जातात आणि परत सुटताना एटीपी घडवतात. धरणाचं पाणी सुटताना चक्र फिरवतं, तसंच. पडदा फाटला की काम थांबलं. बहुतेकांना हे पटलं नाही.

मग अमेरिकेत आंद्रे यागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाची हरितलवकं घेतली. अंधारात ती आधी आम्लाच्या पाण्यात ठेवली, आम्ल पिशव्यांत मुरू दिलं, आणि मग एकदम अल्कधर्मी द्रावणात टाकली. उजेडाचा किरण नाही, तरी एटीपी तयार झालं! १९६६ मध्ये हे छापून आलं. माझ्या मते इतका साधा आणि इतका बिनतोड प्रयोग क्वचितच होतो.

१९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या मिचेल यांना मिळालं. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं प्रयोग करणाऱ्या एक बाई होत्या, जेनिफर मॉइल. प्राण्यांच्या पेशींमधल्या अशाच पडद्यांतून प्रोटॉन किती बाहेर पडतात, याची चिकाटीची मोजमापं त्यांच्या हातची. शोधनिबंधांवर दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत.