कोतवाली आणि लेखणी

निजामी हैदराबादेत वृत्तपत्र चालविणे म्हणजे सरकारची मर्जी सांभाळणे. इंग्रजी मुलखात संपादकावर खटला भरला, तर निदान कोर्टात बोलता तरी येई. येथे परवानगी काढून घेतली की काम भागे. १९२१ च्या गस्ती निशाण ५३ ने साध्या सभेलाही पूर्वपरवानगी लागू लागली. मंदुमुल नरसिंगरावांचे ‘रयत’ असेच बंद पडले. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ पुण्याहून काढला, तरी संस्थानात त्यावर बंदी आली. मग नावे बदलून पत्र काढणे आले.

‘रयत’मध्ये तयार झालेल्या शोएबुल्ला खान यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक सुरू केले. संस्थान भारतात विलीन व्हावे आणि रझाकारांना आवर घालावा, असे हा मुसलमान तरुण निर्भयपणे लिही. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री कचेरीतून घरी परतताना काचीगुड्यात, आपल्यापैकी कित्येकांच्या बिऱ्हाडांजवळच, रझाकारांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या व लिहिता हात तोडला. वय अवघे सत्तावीस. अग्रलेखातील एका वाक्यावरून वर्तमानपत्र बंद पाडणाऱ्या सरकारचे पोलीस त्या तलवारींच्या आड आले नाहीत. हा केवळ दुबळेपणा होता, असे आम्हांस वाटत नाही. नको असलेल्या लेखणीचा बंदोबस्त परस्पर होत होता.

महिनाही उलटला नाही तोच १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आल्या. लष्कराच्या त्या मोहिमेस नाव मात्र ‘पोलीस कारवाई’ असे पडले.