दामदुप्पट आणि नांगराची निशाणी

कागदावर सही झाली की विषय संपला, ही समजूत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असे वाटते. दख्खनचा इतिहास वेगळे सांगतो. इथे कर्जखताचा शब्द अखेरचा मानला गेला तो फार तर पाव शतक, १८५५ ते १८७९. त्याआधीही कर्जाच्या व्यवहाराला करारापलीकडची एक मर्यादा होती आणि तिचे नाव दामदुप्पट. व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचे नाही. शंभर दिले असतील तर दोनशेवर मागणे नाही. हा नियम मनुस्मृतीत सापडतो आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी, कर्जदार हिंदू असेल तर, तो इंग्रजी अमलातही पाळला. १८५५ च्या कायद्याने व्याजदरावरची सरकारी बंधने उठवली, तरी दामदुप्पट त्यात बुडाली नाही, असाच उच्च न्यायालयाचा कौल होता.

मग पाव शतकाचे म्हणणे टिकते कसे? कारण नियम पुस्तकात राहिला आणि व्यवहारातून निसटला. त्याला वाट करून दिली ती कर्जदाराच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न केलेल्या खतावर दावा लावायला तीनच वर्षे दिली. जुनी, विसरलेली देणी उकरून काढू नयेत हा हेतू. सावकाराने त्यावर साधा उपाय काढला: मुदत भरत आली की कुळाला बोलवायचे, थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि नवे खत लिहून घ्यायचे. शेकडा चोवीस दराने दिलेल्या शंभर रुपयांचा हिशेब करून पाहावा. तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी सुमारे २९६, नवव्या वर्षी पाचशेच्या वर. या सगळ्या प्रवासात कोणत्याही एका खतावर व्याज मुद्दलाला ओलांडत नाही. म्हणजे दामदुप्पट अक्षरशः पाळली जाते आणि कर्ज पाचपट होते. खाली शेतकऱ्याची सही म्हणून नांगराची निशाणी. १८७२ च्या करार कायद्यात मुक्त संमतीची अट होती, गैरवाजवी दबावाखाली केलेला करार रद्द करण्याची सोयही होती. पण ती मागायला प्रतिवादी कोर्टात हजर असावा लागतो, आणि कुळांवरचे हुकूमनामे बहुधा एकतर्फी होत.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. कापसाच्या तेजीनंतरची मंदी आणि वाढलेला सारा ही त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते लोकांनी काय जाळले हे. खते आणि वह्या. सावकाराने कागद हवाली केले की बहुतेक ठिकाणी मारहाण टळत असे. तक्रार कर्ज घेतल्याची नव्हती. कागद आणि खरा व्यवहार यांत पडलेल्या अंतराची होती. निरक्षर कुळांनी दुखणे नेमके ओळखले होते. चौकशी आयोगानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत त्यावरच बोट ठेवले. प्रतिवादीने रक्कम कबूल केली तरी, ती कबुली हक्क समजून दिली आहे अशी खात्री पटल्याखेरीज, न्यायाधीशाने व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासायचा. मुद्दल आणि व्याजाचे हिशेब वेगळे मांडायचे. खत बदलताना मुद्दलात मुरवलेले व्याज बाहेर काढायचे. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी कैदेत टाकणेही बंद झाले. न्यायमूर्ती होण्याआधी महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

यावरचा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नाही. करारावर भरवसा उरला नाही तर उसनवार आटते. सावकारांनी हात आखडला, काहींनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि जमीन वाचवायला केलेल्या कायद्याने काही जमीन उलट लवकर गेली. पण यातून कायदा अपुरा होता एवढेच सिद्ध होते, तत्त्व चुकीचे होते असे नव्हे. जी पत केवळ फुगवलेल्या मुद्दलावर उभी होती ती आटली याचे फारसे दुःख करण्याचे कारण नाही. शिवाय दोन्ही पक्ष समान आहेत हे गृहीत धरणे ही कायद्याची सोय होती, वस्तुस्थिती नव्हती. पुढे हे सर्व देशासाठी मान्य झाले: १८९९ मध्ये करार कायद्याचे सोळावे कलम दुरुस्त झाले, आणि दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालवू शकणाऱ्याने जाचक करार केला तर तो दबावातून झाला नाही हे त्यानेच सिद्ध करायचे, असे ठरले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आली, ती याच वाटेवरची.

दामदुप्पटही गेलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार सावकाराला मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. बँकेचे कर्ज मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि व्याज फार झाले एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार पुन्हा उघडायला न्यायालयाला १९८४ पासून बँकिंग कायद्याच्या कलम २१अ ने मनाई केलेली आहे.