पहारेकऱ्याच्या घरातला चोर

तट अभंग असताना आतल्या भेदाने किल्ला पडल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात थोडी नाहीत. एड्सच्या विषाणूची, म्हणजे एचआयव्हीची, कथा याच जातीची आहे. मात्र येथे पहारेकरी फितूर नसतो. आपल्या घरात कोण निजले आहे याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो.

या रोगाची पहिली अधिकृत नोंद अमेरिकेत ५ जून १९८१ रोजी झाली. लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना एक दुर्मिळ न्यूमोनिया झाला होता. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वाज बारे-सिनुसी व ल्यूक मोंतान्ये यांना विषाणू सापडला. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातील पहिले बाधित शोधून काढले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या.

पुढची दहा वर्षे निराशेची गेली. मग १९९६ साली व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराची वार्ता आली. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून कामाला लागली, रक्तात विषाणू दिसेनासा झाला. दोनतीन वर्षे औषध घेतले की रोग निर्मूळ होईल, असे गणितही कोणी मांडले. परंतु औषध थांबताच काही आठवड्यांत विषाणू पुन्हा हजर! जणू रक्तबीज राक्षसच.

तो येत होता कोठून? १९९७ साली अमेरिकेतील तीन संशोधक-गटांनी याचे उत्तर दिले. हा विषाणू रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि आपला मजकूर पेशीच्याच गुणसूत्रात शिवून टाकतो. अशा बहुतेक पेशी लवकरच मरतात. काही थोड्या मात्र विसावतात व 'स्मृतिपेशी' बनतात. जुना शत्रू पुन्हा आला तर ओळखता यावा म्हणून शरीर या पेशी वर्षानुवर्षे सांभाळते. पेशी निजली की विषाणूचा मजकूरही मिटलेल्या पोथीतल्या पानासारखा मुका राहतो. औषधे अडवतात ती विषाणूची हालचाल. येथे हालचालच नाही. शरीराची फौज शोधते ती त्याची खूण; येथे खूणही नाही. आणि अशी पेशी असते सुमारे दहा लाख निजलेल्या पेशींत एखादी. ज्या स्मृतीने शरीर स्वतःला राखते, तिच्याच आश्रयाने शत्रू टिकतो, हे यातले खरे दुर्दैव.

१९९९ साली हिशेब झाला: हा साठा निम्मा होण्यासच सुमारे ४४ महिने लागतात. म्हणजे तो संपायला साठ वर्षेही पुरी पडतील की नाही, कोण जाणे! मिसिसिपीत २०१० साली जन्मलेल्या एका बालिकेला जन्मानंतर तीस तासांतच औषध दिले गेले. पुढे ते बंद झाल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ विषाणू दिसला नाही. सारे जग हरखले. २०१४ मध्ये तो परतला. टिमोथी ब्राउन मात्र पूर्ण मुक्त झाला. त्याला रक्ताचा कर्करोगही होता. त्यासाठी बर्लिनमध्ये २००७ व २००८ साली त्याच्यात विषाणूला दाद न देणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशी रोवल्या होत्या. हा उपाय इतका जोखमीचा, की सर्वांना देता येणे शक्य नाही.

म्हणून आज उपाय आहे तो नित्याच्या औषधाचा. चोर घरात निजलेलाच राहतो. पण जागा झाला तरी त्याला पुढे पाऊल टाकता येत नाही. नियमाने औषध घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तो दीर्घायुषी होतो, संसार करतो आणि शरीरसंबंधातून जोडीदाराला रोग देत नाही. असा एखादा आप्त फराळाला आला, तर त्याचे ताट निराळे मांडण्याचे कारण काल नव्हते, आजही नाही.