नंबर कुणाच्या घरी येतो, कुणाला मागावा लागतो

2017 साली मुरुडच्या आमच्या गटात एक नवी सून आली. माहेर इथलंच, पण जन्म कुवेतचा आणि शाळाही तिथलीच. पहिल्याच बैठकीत तिने बचतीचे शंभर रुपये दिले. मग आम्ही तिचं स्वतःचं खातं काढायला बँकेत गेलो. तिथे आधार मागितलं. तिच्याकडे भारताचा पासपोर्ट होता, आधार नव्हतं. आधार केंद्रावर म्हणाले, "आधी देशात 182 दिवस राहा, मग या." खातं नाही म्हणून तेव्हाचा 12 रुपयांचा अपघात विमाही तिला घेता येईना.

हे का घडलं, त्याच्या मागे इतिहास आहे. आपल्या किनाऱ्यावरची माणसं आधीपासूनच जहाजावर खलाशी म्हणून जात. 1973 नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामं निघाली आणि कोकणातून अनेक जण तिकडे गेले. काही कुटुंबं इंग्लंडात, दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाली. आखातात नुसतं जन्मलं म्हणून नागरिकत्व मिळत नाही. त्यामुळे मुलं वाढली तिथे, कागदावर राहिली भारताची.

इंग्लंडात 5 जुलै 1948 ला राष्ट्रीय विमा योजना सुरू झाली. पगारातून हप्ता कापायचा आणि आजारपण, बेकारी, बाळंतपण, वैधव्य, म्हातारपण यांत आधार द्यायचा. हप्ता कुणाचा हे कळावं म्हणून प्रत्येकाला एक नंबर. तिथेच वाढलेल्या बहुतेक मुलांना तो सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या सुमारास घरबसल्या मिळतो. परदेशात वाढून तिथे कामाला गेलेल्या मुलीला मात्र स्वतः अर्ज करून ओळख पटवावी लागते. हप्ते तिच्या नावावर नीट जमा झाले नाहीत, तर म्हातारपणी पेन्शनच्या हिशेबात ती वर्षं धरली जात नाहीत.

आपल्याकडे आधारची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबारच्या टेंभली गावात झाली. पहिला नंबर मिळाला तो एका बाईलाच. आधार म्हणजे विमा नव्हे, ती ओळख. पण खातं, विमा, पेन्शन यांच्या दारात आधी तेच विचारतात. 2016 च्या कायद्यात 182 दिवसांची अट होती. 2019 मध्ये भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशस्थांसाठी ती काढली. आता आल्या आल्या अर्ज करता येतो. आमच्या सुनेसाठी हा बदल दोन वर्षं उशिरा आला.

ज्यांच्या लेकी-सुना परदेशात आहेत, त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. 3 डिसेंबर 2004 पासून कायदा असा आहे, की तिथे जन्मलेल्या बाळाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करायची. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बारशाच्या गडबडीत हा कागद मागे राहू देऊ नका. आणि पासपोर्ट, जन्मदाखला, आधार, सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच ठेवा.

ते सहा महिने आम्ही तिची बचत गटाच्या वहीत लिहीत राहिलो. एक पान तिच्या नावाचं केलं, दर महिन्याला तिची सही घेतली. पुढे खातं निघालं, तेव्हा बँकेत भरायला तिच्याकडे सहा महिन्यांची बचत तयार होती.