नकाशावरचे थर : हौशी रेडिओच्या जागतिक नकाशाचा इतिहास

प्रस्तावना

हौशी रेडिओ चालवणाऱ्या, म्हणजेच 'हॅम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीच्या खोलीत आज संचाशेजारी बहुधा संगणक असतो आणि त्याच्या पडद्यावर जगाचा नकाशा उघडलेला असतो. 'डीएक्स अ‍ॅटलस'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये या नकाशाचे अनेक थर असतात. एक थर सुरू केला की देशांची उपसर्गचिन्हे दिसतात, दुसरा सुरू केला की चौकोनांची जाळी येते, तिसऱ्याने दिवस आणि रात्रीची सीमा उमटते. हवा तो थर ठेवावा, नको तो काढावा.

आपल्याला हा नकाशा इतिहासाच्या दृष्टीने वाचायचा आहे. पडद्यावर हे थर एकाच क्षणी दिसतात, पण ते एकाच वेळी जन्मलेले नाहीत. प्रत्येकाचा काळ वेगळा आणि गरजही वेगळी. म्हणून या पाठात आपण एकेक थर उचलून त्याखाली काय आहे ते पाहू.

1. दिशा आणि अंतराचा थर

डिसेंबर 1921 मध्ये अमेरिकेतील हौशी केंद्रांचे लघुलहरी संदेश अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे ऐकले गेले. ते ऐकण्यासाठी पॉल गॉडली मुद्दाम अमेरिकेहून तेथे गेले होते. नोव्हेंबर 1923 मध्ये फ्रान्समधील लेओं दलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात दुतर्फा संभाषण झाले. 1925 मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाची स्थापना झाली. छंद जागतिक झाला आणि लगेच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला : अँटेना कोणत्या दिशेला वळवायचा?

तुम्ही शाळेत पाहिलेला भिंतीवरचा नकाशा येथे फसवतो. त्यावर मुंबईहून न्यूयॉर्कला सरळ रेघ ओढली, तर ती जवळजवळ पश्चिमेला जाते. पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग मात्र मुंबईहून सुमारे 333 अंशांवर, म्हणजे उत्तरेकडे आणि किंचित पश्चिमेला निघतो. हे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. म्हणून हौशी लोकांनी स्वतःचे गाव केंद्रस्थानी ठेवून काढलेला समांतर दिगंशी नकाशा वापरायला सुरुवात केली. त्यात केंद्रापासून कोणत्याही ठिकाणाची दिशा आणि अंतर खरे असते. बाकी आकार मात्र विचित्र ताणले जातात. असा नकाशा प्रत्येक गावासाठी वेगळा काढावा लागे. ते किचकट गणित आज संगणक क्षणात करतो.

2. देशांच्या यादीचा थर

दूरच्या केंद्रांशी संपर्क साधण्याची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा 'देश' कशाला म्हणायचे हा वाद निघाला. 1935 मध्ये क्लिंटन डिसोटो यांनी 'क्यूएसटी' या अमेरिकन मासिकात देश कसे मोजावेत याची मांडणी केली. तिच्या आधारे 1937 मध्ये शंभर देशांशी संपर्काचा सन्मान, म्हणजे 'डीएक्ससीसी', सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची मोजणी नव्याने करण्यात आली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त सामग्री या थरात मिळते. आज या यादीत भारताची मुख्य भूमी ही एक नोंद आहे. अंदमान व निकोबार आणि लक्षद्वीप या वेगळ्या नोंदी आहेत. त्यांची चिन्हे अनुक्रमे 'व्हीयू', 'व्हीयू4' आणि 'व्हीयू7' अशी आहेत. याचा अर्थ ही बेटे वेगळे देश आहेत असा मुळीच नाही. मुख्य भूमीपासूनच्या सागरी अंतरामुळे स्पर्धेच्या सोयीसाठी ती वेगळी मोजली जातात. म्हणूनच नियमांत 'देश' हा शब्द मागे पडून 'घटक' हा शब्द आला.

आता याच यादीच्या शेवटी असलेल्या, रद्द झालेल्या नोंदी पाहा. फ्रेंच भारत 1954 पर्यंत. गोवा, तसेच दमण-दीव, 1961 पर्यंत. सिक्कीम 1975 पर्यंत. पुदुच्चेरीचे हस्तांतरण, गोवामुक्ती आणि सिक्कीमचे विलीनीकरण या घटना तुम्ही राजकीय इतिहासात शिकता. त्याच घटना एका छंदाच्या गुणपत्रकावर, कोणी मुद्दाम इतिहास लिहायला न बसताही, नोंदल्या गेल्या आहेत. मात्र चालू सॉफ्टवेअरच्या नकाशावर सहसा आजच्याच नोंदी दिसतात. जुना थर पाहायचा तर रद्द नोंदींची यादी उघडावी लागते.

3. चौकोनांचा थर

अतिउच्च वारंवारतेवर काम करणाऱ्यांना देशाचे नाव पुरत नव्हते. त्यांना नेमके ठिकाण थोडक्या अक्षरांत सांगायचे होते. युरोपात आधी वापरली जाणारी पद्धत साऱ्या जगाला पुरणारी नव्हती. 1980 मध्ये इंग्लंडमधील मेडनहेड येथे झालेल्या बैठकीत जगभर चालेल अशी पद्धत स्वीकारली गेली. तिला त्या गावाचेच नाव मिळाले.

हिची रचना सोपी आहे. पृथ्वीचे 18 गुणिले 18, म्हणजे 324 भाग पाडले जातात. प्रत्येक भाग 20 अंश रेखांश आणि 10 अंश अक्षांशाचा असतो आणि त्याला दोन अक्षरे मिळतात. त्याचे पुन्हा शंभर चौकोन होतात. त्यांना दोन अंक मिळतात. या हिशेबाने पुणे 'एमके68', दिल्ली 'एमएल88', चेन्नई 'एनके03' आणि गुवाहाटी 'एनएल56' या चौकोनात येते. या जाळीत राज्य, भाषा, सीमा काहीच दिसत नाही. आधीचा थर राजकारणाने भरलेला होता. हा त्यापासून जाणूनबुजून दूर राहिलेला आहे.

4. उजेड-अंधाराचा थर

लघुलहरी आयनांबराच्या आधाराने दूर जातात. त्याचा खालचा 'डी' थर दिवसा लहरी शोषतो आणि सूर्यास्तानंतर लवकर विरतो. वरचा 'एफ' थर मात्र टिकून राहतो. म्हणून दिवस आणि रात्रीच्या सीमेवरील पट्ट्यात, म्हणजे 'करड्या रेषेवर', दूरचे संपर्क थोड्या वेळासाठी सुलभ होतात. पूर्वी ही रेषा पंचांगातील उदय-अस्ताच्या वेळा पाहून काढावी लागे. आता ती नकाशावर आपोआप सरकत राहते.

5. थर एकत्र येतात

1980 च्या दशकात घरगुती संगणक आले आणि गणित व नकाशा जवळ आले. डिसेंबर 1982 मध्ये 'क्यूएसटी'ने लघुलहरींच्या प्रसाराचा अंदाज देणारा 'मिनिमफ' हा छोटा प्रोग्रॅम छापला. वाचक तो हाताने टंकित करून चालवू शकत होते. त्याच काळात अमेरिकन नौदल अकादमीतील बॉब ब्रुनिंगा यांनी अ‍ॅपल टू संगणकावर स्थाननोंदी नकाशावर दाखवण्याचे प्रयोग केले. त्यांतून 1992 मध्ये 'एपीआरएस' ही पद्धत जगापुढे आली. त्यामुळे चालती गाडी किंवा हवामान केंद्र नकाशावर प्रत्यक्ष वेळेत दिसू लागले. 2008 मध्ये जो टेलर यांनी 'व्हिस्पर' हा अत्यंत क्षीण संकेतांचा प्रकार आणला. कोणाचा संकेत कोठे ऐकू आला याच्या रेघा त्यामुळे जागतिक नकाशावर उमटू लागल्या.

6. अंदमान, डिसेंबर 2004

या साऱ्याचा माणसांशी काय संबंध, हे एका घटनेतून कळते. डिसेंबर 2004 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची तुकडी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेली होती. 'व्हीयू4' ही जगातील दुर्मीळ नोंद होती आणि देशोदेशीचे हॅम तिच्याशी संपर्कासाठी धडपडत होते. 26 डिसेंबरला भूकंप झाला आणि त्सुनामी आली. दूरध्वनी कोलमडले. गुणांसाठी उभारलेले केंद्र त्याच दिवशी आपत्कालीन केंद्र झाले. बेटावरील माणसांची खुशाली सुमारे 1,360 किलोमीटरवरील चेन्नईला आणि पुढे देशभर पोहोचवण्याचे काम हॅम मंडळींनी केले. स्पर्धेच्या थरावर जो ठिपका दुर्मीळ म्हणून मौल्यवान होता, तोच मदतीच्या नकाशावर सर्वांत निकडीचा ठरला.

7. समारोप

नकाशावरचा कोणताही थर वाचताना तीन प्रश्न विचारा : तो कोणी काढला, कशासाठी काढला आणि त्यात काय दिसत नाही? संपर्काच्या रेघांच्या नकाशावर युरोप गजबजलेला दिसतो आणि आफ्रिकेचा मोठा भाग रिकामा दिसतो. याचा अर्थ तेथे लहरी पोहोचत नाहीत असा नाही. तेथे ऐकून नोंद करणारी केंद्रे कमी आहेत, एवढाच अर्थ त्यातून निघतो. कोणत्याही ऐतिहासिक साधनाबाबत हीच काळजी घ्यावी लागते. नोंद नाही म्हणून घटना घडली नाही, असे म्हणता येत नाही.

स्वाध्याय

1. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन त्याचा मेडनहेड चौकोन स्वतः काढा.
2. रद्द झालेल्या 'डीएक्ससीसी' नोंदींपैकी भारताशी संबंधित एक नोंद निवडा आणि तिच्यामागील राजकीय घटना 150 शब्दांत लिहा.
3. 'नकाशा तटस्थ असतो' या विधानाची चर्चा या पाठातील दोन थरांच्या आधारे करा.